हॉस्पिससाठी अर्ज: पात्रता कोण ठरवतं, कागद कोणते लागतात, सही कोणाची

हॉस्पिसची, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात आराम देणाऱ्या सेवेची, चौकशी करायला घरातलं कोणी पुढे होत नाही. नाव घातलं म्हणजे आपणच हात टेकले, असं प्रत्येकाला वाटत राहतं. मग अर्ज इतका उशिरा होतो की टीमची ओळख होईपर्यंत म्हाताऱ्या माणसाचे शेवटचे दोन-तीन दिवस उरलेले असतात. दुखण्यावरच्या औषधाचा डोस बसवायला, कूस कशी बदलायची हे घरच्यांना शिकवायला, रात्री धाप लागली तर काय करायचं हे समजावायला थोडा तरी अवधी लागतो. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर फेब्रुवारी २०२३ मध्ये घरच्या घरी हॉस्पिस सेवा घेऊ लागले आणि डिसेंबर २०२४ मध्ये, शंभरी पूर्ण करून, गेले. एवढा काळ फार थोड्यांना मिळतो. पण हॉस्पिस म्हणजे अखेरचे चार दिवस, हा समज खोडायला हे एक उदाहरण पुरे आहे.

आधी दोन शब्दांतला फरक, कारण अर्जाच्या खिडकीवर गोंधळ इथेच होतो. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी सेवा, आजाराच्या कोणत्याही टप्प्यावर आणि केमोथेरपीसारखे उपचार चालू असतानाही मिळू शकते. हॉस्पिस हा तिचाच शेवटचा टप्पा आहे. आजार बरा करण्याचे प्रयत्न थांबवून सगळा भर आरामावर द्यायचा, हे इथे ठरलेलं असतं. तुमच्या माणसाचे उपचार अजून चालू असतील तर हॉस्पिसचा अर्ज परत येईल, पॅलिएटिव्ह विभागाचा येणार नाही.

पात्र कोण

वय ही अट नाहीच. नव्वदीतला पण धडधाकट माणूस पात्र ठरत नाही, साठीतला ठरू शकतो. बघतात ते आजार कुठवर आला आहे हे. काटेकोर नियम अमेरिकेतल्या मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यविम्याचा आहे. आजार नेहमीच्या गतीने वाढला तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरलं आहे, असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं: एक नेहमीचे, एक हॉस्पिसचे. सहा महिने उलटले म्हणून कोणी बाहेर काढत नाही. आधी ९० दिवसांचे दोन टप्पे आणि पुढे ६० दिवसांचे कितीही टप्पे मिळतात, फक्त दर टप्प्याला प्रमाणपत्र नवं लागतं. प्रकृती खरोखरच सुधारली तर नाव कमी होतं, ढासळली की पुन्हा घालता येतं. इतर अनेक ठिकाणी महिन्यांची अशी रेघ नसते, गरज पाहून घेतात. ब्रिटनमध्ये डॉक्टरांना स्वतःलाच एक प्रश्न विचारायला शिकवतात: हा रुग्ण येत्या वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का? उत्तर ‘नाही’ आलं, की बोलणं सुरू करायची वेळ झाली.

कॅन्सरमध्ये अंदाज त्यातल्या त्यात बरा बांधता येतो. हृदय निकामी होत जाणं, फुप्फुसांचा जुना आजार, स्मृतिभ्रंश यांत तो वारंवार चुकतो, म्हणून तिथे खुणा पाहतात. अल्झायमरसाठी वापरल्या जाणाऱ्या फास्ट मोजपट्टीवर सातवी पायरी म्हणजे दिवसाकाठी जेमतेम पाच-सहा शब्द, आणि पुढे आधाराशिवाय चालणंही बंद. सर्वसाधारण ताकदीसाठी पीपीएस नावाची शंभर टक्क्यांची मोजपट्टी आहे. ४० टक्के म्हणजे बहुतेक वेळ अंथरुणात. शिवाय गेल्या काही महिन्यांत वजन किती उतरलं, दवाखान्यात किती वेळा भरती करावं लागलं, गिळताना ठसका लागतो का, हेही विचारतात. घरच्यांनी हे तारखांसह वहीत लिहून ठेवलं असेल तर त्या वहीचा रिपोर्टांइतकाच उपयोग होतो. ‘हल्ली फार थकलेत’ या वाक्यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही.

सेवा कुठे मिळते

हॉस्पिस म्हटलं की इमारत डोळ्यांसमोर येते, पण बरीचशी सेवा घरी येऊन दिली जाते. नर्स ठरलेल्या दिवशी येते, डॉक्टर लागतील तसे, आणि मधल्या वेळेला फोन. खाट, हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र बऱ्याच संस्था पुरवतात. मात्र चोवीस तास उशाशी कोणी बसत नाही. ते घरच्यांनीच करायचं असतं आणि इथेच अनेकांची फसगत होते. घरात करणारं कोणी नसेल, किंवा वेदना आणि धाप आवरेनाशी झाली असेल, तर खाटा असलेलं केंद्र किंवा रुग्णालयातला कक्ष बघायचा. वृद्धाश्रमात राहणाऱ्यांकडे टीम तिथे जाऊ शकते. सांभाळणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून रुग्णाला थोडे दिवस केंद्रात ठेवण्याचीही सोय असते; मेडिकेअरमध्ये ती एका वेळी पाच दिवसांपर्यंत आहे. ही सोय मागायला लोक लाजतात. लाजू नये.

कागद आणि सह्या

सुरुवात उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या पत्राने होते. काही संस्था घरच्यांचा फोनही घेतात, पण निर्णय पत्र आल्यावरच. पत्रात निदान, आतापर्यंतचे उपचार आणि ते का थांबवले हे हवं. शिवाय रुग्णाला आजाराबद्दल किती सांगितलं आहे, ही ओळ मागून घ्या. ती सहसा राहून जाते आणि मग पहिल्याच भेटीत नर्सची पंचाईत होते.

त्यासोबत शेवटचं डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी किंवा स्कॅनचा रिपोर्ट, चालू औषधांची डोससकट यादी, ॲलर्जीची नोंद, ओळखपत्र, विमा असल्यास पॉलिसी, आणि जवळच्या दोन नातेवाइकांचे फोन नंबर. जाडजूड फाइल नेऊ नका, शेवटचे रिपोर्ट वर लावा.

आता सही. रुग्ण शुद्धीत असेल, त्याला समजत असेल, तर संमतीपत्रावर सही त्याचीच. मुलाची नाही, सुनेची नाही. ‘बाबांना काही सांगू नका, आम्ही सही करतो’ ही विनंती मायेपोटी होते, हे खरं. पण जाणत्या माणसाच्या वतीने दुसऱ्याची सही चालत नाही, आणि बाबांना बहुधा आपल्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. स्मृतिभ्रंशात मात्र निर्णय घेणारी व्यक्ती कायद्याने कोण, हे आधी ठरवावं लागतं. रुग्णाने पूर्वी वैद्यकीय इच्छापत्र केलं असेल किंवा कोणाला अधिकारपत्र दिलं असेल, तर त्याची प्रत इथे जोडायची. तीन भावंडांची तीन मतं असतील तर ती सहीच्या दिवशी टीमसमोर निघू देऊ नका.

संमतीपत्र घाईने वाचू नका. हृदय थांबलं तर छाती दाबून ते सुरू करायचा प्रयत्न करायचा की नाही, नळीने अन्न द्यायचं का, कोणत्या परिस्थितीत रुग्णालयात हलवायचं, हे सगळं त्यात असतं. सही मागे घेता येते. उपचारांकडे परत जावंसं वाटलं तर लेखी कळवून बाहेर पडता येतं. मॉर्फिनबद्दलही त्याच दिवशी विचारून घ्या. नेमून दिलेल्या डोसात ते दुखणं आणि धाप कमी करतं, मरण जवळ आणत नाही. बद्धकोष्ठता होते, म्हणून त्यासोबत पोट साफ राहायचं औषध जवळजवळ नेहमीच देतात. मॉर्फिन कुलपात ठेवायचं आणि दिलेल्या प्रत्येक डोसाची नोंद करायची.

नाव नोंदवण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचाराव्यात. रात्री दोनला फोन केला तर उचलणारा माणूस नर्स असतो का? सुट्टीच्या दिवशी कोणी येतं का? आणि घरी मृत्यू झाला तर प्रमाणपत्र कोण देतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या. त्या क्षणी गोंधळून कोणी अँब्युलन्स बोलावली, तर नको म्हणून लिहून दिलेली छाती दाबायची धडपड सुरू होऊ शकते. पहिला फोन हॉस्पिसच्या नंबरवर जायला हवा. तो नंबर मोठ्या अक्षरांत दाराजवळ चिकटवा, आणि रात्री घरात थांबणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.