ऑपरेशननंतर आपलं जनावर गेलं तर

सकाळी स्वतःच्या पायांनी चालत आलेला कुत्रा संध्याकाळी घरी जात नाही. आमच्या दवाखान्यातही असं घडलंय. समोर उभ्या माणसांशी काय बोलावं, ते आम्हाला त्या वेळी जमलं नव्हतं. म्हणून हे पत्रक.

"सही मीच केली ना, डॉक्टर," हे आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो. हो, संमतीपत्रावर सही तुमचीच असते. पण ती गर्भाशयात साठलेला पू, वाढत चाललेली गाठ काढण्यासाठी केलेली असते. ऑपरेशन टाळण्यातही धोका होताच. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत भूल दिलेल्या साधारण 600 कुत्र्यांमागे एक आणि 400 मांजरांमागे एक दगावलं होतं. त्यातले बरेच मृत्यू ऑपरेशन संपल्यावर, पहिल्या तीन तासांतले. मांजराच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला असला तरी ते खातं, उड्या मारतं. स्टेथोस्कोपनेही कधी कधी कळत नाही. घरच्यांना कुठून कळणार?

आम्हाला प्रश्न विचारा. भुलीच्या नोंदी, रक्ताचे रिपोर्ट मागा, शुद्धीवर येताना जवळ कोण होतं तेही विचारा. राग आला असेल तर तोही बोलून दाखवा. कारण कळल्याशिवाय चैन पडणार नसेल तर शवविच्छेदन करून घ्या, पण आमच्याकडे नको, दुसरीकडे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी आम्ही करून देऊ. निर्णय मात्र त्याच दिवशी हवा. देह बर्फात थंड ठेवायचा, गोठवायचा नाही. गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणीत फारसं हाती लागत नाही.

मालाडला महापालिकेची गॅसवर चालणारी प्राणी-दहनभट्टी 2023 पासून आहे. आधी फोन करा. मृत्यूचं प्रमाणपत्र आम्ही देतो.

मुलांना "झोपवलं" म्हणू नका, ती झोपायला घाबरतात. "मेला" हाच शब्द वापरा आणि जवळ घ्या. घरातलं दुसरं मांजर दाराशी बसून राहील. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर घेऊन या. तुम्हालाच झोप लागेना झाली, तर 14416 या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

लसीची आठवण करून देणारे मेसेज आम्ही त्याच दिवशी बंद करतो. त्याचा पट्टा, चादर आमच्याकडे राहिली असेल तर धुऊन ठेवलेली असते. महिन्याने या, वर्षाने या.