बरं वाटलं, पण कशामुळे?

सकाळी उपाशीपोटी इन्सुलिनचं इंजेक्शन. थोड्या वेळात दरदरून घाम फुटायचा, ग्लानी यायची आणि मग रुग्ण पूर्ण बेशुद्ध. ठरलेला वेळ झाला की नाकातून घातलेल्या नळीनं साखरेचं पाणी पोटात सोडायचं. तो हळूहळू भानावर यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असं कित्येक आठवडे. मान्फ्रेड साकेल यांनी १९३०च्या दशकात स्किझोफ्रेनियावर हा उपचार आणला आणि पुढची वीसेक वर्षं तो अनेक देशांतल्या मनोरुग्णालयांत मोठ्या विश्वासानं दिला गेला. त्यात काही रुग्ण दगावतही. तरी डॉक्टर तो सोडायला तयार नव्हते, कारण रुग्ण सुधारताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

आणि रुग्ण खरंच सुधारत होते. १९५३ साली हॅरॉल्ड बोर्न या तरुण ब्रिटिश डॉक्टरनं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वेगळीच शंका काढली. या उपचारासाठी रुग्ण निवडतानाच नुकतेच आजारी पडलेले, एरवीही बरे होण्याची आशा जास्त असलेले निवडले जातात. शिवाय त्यांच्यासाठी वेगळा वॉर्ड, खास परिचारिका, दिवसभर कुणीतरी उशाशी. मग गुण कशाचा? ज्येष्ठ मंडळी चांगलीच भडकली. पण १९५७ साली ब्रायन ऍक्नर आणि सहकाऱ्यांनी ही शंका तपासायची नामी युक्ती काढली. एका गटाला इन्सुलिननं बेशुद्ध केलं, दुसऱ्याला बार्बिच्युरेट या झोपेच्या औषधानं. बाकी देखभाल दोघांची सारखीच. दोन्ही गट सारखेच सुधारले. इन्सुलिनचा म्हणून काही गुण उरलाच नाही.

मनोविकारांवरच्या संशोधनात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही तुलनेची सवय. नव्या औषधाची बातमी होते. जुना, निरुपयोगी उपचार बंद पडल्याची होत नाही.

मनाच्या आजारात अशी फसगत फार सहज होते. माणूस डॉक्टरकडे जातो तो त्रास अगदी टोकाला गेल्यावर. नैराश्य तर पुष्कळदा आपोआपही चढतं-उतरतं. त्यामुळे टोकाच्या दिवसानंतर काहीही केलं, तरी थोडा उतार दिसण्याची शक्यता असतेच, आणि श्रेय जातं त्या वेळी चालू असलेल्या उपचाराला. नैराश्य दाखवणारी रक्ताची तपासणी अजून नाही. म्हणून प्रश्नावल्या आल्या. त्यांतली ‘पीएचक्यू-९’ बरीच वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच रस वाटला नाही, झोप बिघडली, स्वतःबद्दल वाईट वाटलं, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त २७. माप ढोबळ आहे, मान्य. पण पहिल्या भेटीत १९ असलेला आकडा दीड महिन्यानंतरही १८ वरच असेल, तर ‘जरा बरं वाटतंय’ एवढ्यावर भागत नाही. औषध किंवा मात्रा बदलायचा विचार करावा लागतो.

रुग्णाचं समाधानही कधीकधी चकवतं. अपघातानंतर लगेच एका बैठकीत सगळा प्रसंग तपशिलानं बोलायला लावायचा, म्हणजे मन मोकळं होईल, अशी ‘डीब्रीफिंग’ नावाची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस फोफावली. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! १९९७ साली भाजलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेरा महिन्यांनंतर, बैठक झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना आघातोत्तर तणावविकार, म्हणजे त्या प्रसंगाच्या आठवणी छळत राहण्याचा आजार, होता. बैठक न झालेल्यांपैकी ९ टक्के. पहिल्या गटाच्या जखमा मुळात थोड्या जास्त गंभीर होत्या, त्यामुळे सगळा दोष बैठकीवर टाकता येत नाही. पण नंतर असे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही फायदा सापडला नाही. आता आपद्ग्रस्ताला बोलतं करण्याचा आग्रह न धरता आधी सुरक्षितता, गरजेच्या वस्तू आणि जिवाभावाची माणसं मिळवून द्यावीत, त्याला बोलावंसं वाटलं तर ऐकावं, असं सांगितलं जातं.

तुलना करून निकाल दडवला, तर मात्र सगळंच मुसळ केरात. २००८ साली एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या, नैराश्यावरच्या औषधांच्या ७४ चाचण्या तपासल्या. नियामकाच्या मते ३८ चाचण्यांचा निकाल अनुकूल होता. त्यांतल्या ३७ प्रसिद्ध झाल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ कुठेच छापून आल्या नव्हत्या आणि ११ अशा मांडल्या होत्या की वाचणाऱ्याला निकाल चांगलाच वाटावा. म्हणून औषधं खोटी ठरत नाहीत. २०१८ साली अप्रकाशित माहितीही धुंडाळून ५२२ चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा तपासलेली सगळी २१ औषधं बिनऔषधी गोळीपेक्षा सरस निघाली. फक्त ती सरशी जाहिरातीत दिसते त्यापेक्षा बेताची आहे.

तुलना नवं दारही उघडते. झिम्बाब्वेत मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतल्याच डिक्सन चिबांडा यांनी राजधानी हरारेत वस्तीतल्याच आज्यांना प्रशिक्षण दिलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून आजी ऐकते, अडचणींतली एक निवडायला लावते, तिच्यावर करता येईल असं काहीतरी दोघं मिळून ठरवतात. ‘नैराश्य’ हा शब्द न वापरता ती ‘कुफुंगिसिसा’ म्हणते. शोना भाषेत, फार विचार करणं. कल्पना गोड आहे, पण गोड कल्पना पुष्कळ असतात. हिची परीक्षा २४ दवाखान्यांतल्या ५७३ जणांवर झाली, निकाल २०१६ साली आला. सहा महिन्यांनंतर नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी सुमारे ५० टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं होती, बाकावर बसलेल्यांत सुमारे १४ टक्के.

अलीकडे गाजतंय ते केटामाइन, हे मुळात भुलीचं औषध. काही तासांत नैराश्य उतरतं, असं अनेक चाचण्या सांगतात. पण ते घेतलं की डोकं असं तरंगतं की आपल्याला खरं औषध मिळालंय हे लगेच कळतं. म्हणून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, दुसऱ्याच कारणासाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या नैराश्याच्या ४० रुग्णांना भुलीत असतानाच केटामाइन किंवा सलाइन दिलं. ऍक्नर यांचीच युक्ती, ६६ वर्षांनी. २०२३ साली आलेल्या निकालात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. चाचणी छोटी आहे, भुलीच्या औषधांनीही काही घोळ केला असेल. पण ज्यांना नुसतं सलाइन मिळालं होतं, त्यांचंही नैराश्य दुसऱ्या दिवशी बरंच उतरलेलं होतं. ते कशानं उतरलं, याचा शोध आता चालू आहे.