पाणी असणं आणि पाणी वाहणं: क्लोरिनेटरचा फ्लो स्विच आणि गॅस सेन्सर

स्विमिंग पूलच्या खाऱ्या पाण्यातून विजेने क्लोरीन बनवणाऱ्या सॉल्ट क्लोरिनेटरवर ‘नो फ्लो’चा (पाणी वाहत नसल्याचा) लाल दिवा लागला की लोक फ्लो सेन्सर मागवतात, पाइप कापून बसवतात, आणि दिवा तसाच जळत राहतो. मग नव्या पार्टला शिव्या. पण बऱ्याचदा त्या मशीनमध्ये वेगळा फ्लो स्विच मुळात नसतोच. दिवा लावणारा असतो सेलमधला, म्हणजे जिथे क्लोरीन बनतो त्या भागातला, गॅस सेन्सर. दोघांना सरसकट ‘फ्लो सेन्सर’ म्हणायची सवय लागली आहे, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

फ्लो स्विच तुम्हाला माहीत असेलच. पाइपात लोंबणारं पॅडल, त्यात चुंबक, वर चुंबकाने चालणारा रीड स्विच. पाण्याच्या धक्क्याने पॅडल कललं की सर्किट जुळतं. अंगावरचा बाण प्रवाहाच्या दिशेने हवा, आणि स्विचच्या आधी पाइपाचा निदान फूटभर सरळ तुकडा. एल्बोला, म्हणजे पाइपाच्या वळणाला, चिकटवून बसवला तर पॅडल नुसतं थरथरत राहतं.

गॅस सेन्सरमध्ये हलणारं काहीच नसतं. सेलच्या आत अगदी वरच्या बाजूला एक छोटी पिन असते, आणि सेलच्या जाड वायरींसोबत येणारी एक बारीक वायर तिची. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे पिन बुडालेली असेपर्यंत तिच्यातून किंचित करंट जातो. वर गॅस जमला, पिन उघडी पडली, की करंट तुटतो आणि क्लोरिनेटर थांबतो. म्हणजे या पिनेला पाणी वाहतंय की नाही ते कळतच नाही. तिला एवढंच कळतं, की आपल्याला पाणी लागतंय की नाही. पंप बंद पडून सेलमध्ये पाणी नुसतं तुंबलेलं असेल, तरी तिच्या लेखी सगळं ठीक. कॅथोडवर (सेलच्या ऋण प्लेटवर) तयार होणारा हायड्रोजन वर साचून पाणी खाली ढकलेपर्यंत ती गप्पच राहते.

म्हणून एकाच दिव्याची कारणं दोघांत वेगवेगळी निघतात. फिल्टर चोंदला किंवा व्हेरिएबल स्पीड पंप फार हळू ठेवला तर पॅडल पडतं. पिन मात्र निवांत. पंपाच्या सक्शनकडून हवा शिरत असेल तर उलटं होतं: पॅडल खुशाल हलतं, आणि सेलच्या माथ्यावर अडकलेल्या हवेमुळे पिन बोंब मारते. मीठ फार कमी झालं किंवा पिनेवर क्षारांचा थर बसला, तरी पाणी भरून वाहत असताना ‘नो फ्लो’ येऊ शकतं. बहुतेक क्लोरिनेटरना सुमारे 3,000 ते 4,000 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) मीठ लागतं. ते न मोजता थेट पार्ट मागवणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

सेलची हाउसिंग पारदर्शक असेल तर आधी डोळ्यांनी बघा. माथ्यावर हवेची पोकळी दिसली तर पिन खरं बोलतेय. गळती शोधा, पार्ट नको. ज्या सेलची दोन्ही तोंडं खाली हवीत ती उलटी बसवली असेल, तर गॅस वर पाइपात निघून जातो, पिन बुडालेलीच राहते, आणि गॅस साचला तरी कुणाला पत्ता लागत नाही.

फ्लो स्विचला मल्टिमीटर लावा. आधी मेन बंद करून त्याची वायर कंट्रोलरपासून सोडवा, मग नुसता पंप चालवा. पंप चालू असताना कंटिन्युइटीचा, म्हणजे सर्किट जुळल्याचा, बीप यायला हवा, बंद केल्यावर जायला हवा. लोक पहिली अर्धी तपासणी करून मोकळे होतात. माझ्या मते दुसरी जास्त महत्त्वाची आहे. सर्किट तुटलेलंच ठेवून अडकलेला स्विच फक्त वैताग देतो. सर्किट जुळलेलंच ठेवून अडकलेला स्विच तुंबलेल्या पाण्यात सेल चालू ठेवतो, आणि कुठलाच दिवा लागत नाही.

यावरूनच आठवते जंपरची, म्हणजे स्विच वगळून त्याच्या वायरी थेट जोडायची ‘युक्ती’. दोन वायरी जोडल्या, दिवा विझला, काम झालं म्हणे! बंद पाइपात हायड्रोजन साठवायचा याहून सोपा मार्ग नाही. सेल फुटण्याचे प्रकार असेच होतात. तपासणीपुरताही जंपर लावू नका, त्यासाठी मीटर आहे.

फ्लो स्विच बदलायचाच ठरला तर पंप आणि क्लोरिनेटर दोन्ही मेनवरून बंद करा, प्रेशर सोडा, व्हॉल्व्ह लावा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, पेट्रोलियम जेली नाही. युनियन (पाइपाचा सुटा होणारा आट्यांचा जोड) हातानेच आवळा, पाना बाजूला ठेवा. गॅस सेन्सरची पिन मात्र बऱ्याचदा सुटी मिळत नाही, हाउसिंग किंवा केबलच घ्यावी लागते. त्यामुळे आधी सेल सौम्य ॲसिडने धुऊन बघा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही.

नवा स्विच बसवल्यावर लगेच दिवा विझला नाही तर घाबरून परत उघडू नका. काही कंट्रोलर प्रवाह सापडल्यावरही मिनिटभर थांबून मगच सेल सुरू करतात.