किन्शासातला फोरमन : एका हरलेल्या लढतीची पार्श्वभूमी

अमेरिकन मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन २१ मार्च २०२५ रोजी गेला आणि दोन दिवस सगळीकडे तीच जुनी गोष्ट फिरली. १९७४ मध्ये झैरेतल्या (आताच्या काँगोतल्या) किन्शासात, हेवीवेट किताबाच्या लढतीत मुहम्मद अली रिंगच्या दोरांना टेकून उभा राहिला, फोरमनने वेड्यासारखे ठोसे मारले, दमला आणि आठव्या फेरीत आडवा झाला. डोकं जिंकलं, ताकद हरली. बडोदेकरांना ही गोष्ट पटायला वेळ लागत नाही. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या आणि प्रोफेसर माणिकरावांच्या या गावात धिप्पाड पैलवानाला चपळ पोरानं अस्मान दाखवल्याच्या कथा घरोघरी ऐकवल्या जातात.

पण अशा कथांचं वजन वर्षागणिक वाढतं. सयाजीबागेतल्या संग्रहालयात गामा पैलवानाचा दगड आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामाने तो उचलला, वजन १,२०० किलो, असं सांगतात. दगड खरा, गामाही खरा. एका माणसाकडून १,२०० किलो उचललं जाईल का, हे मात्र त्याच्याशेजारी फोटो काढून घेणारं कोणी विचारत नाही. किन्शासाच्या लढतीचंही तसंच झालंय. आकडे सगळे उपलब्ध आहेत, बघत कोणी नाही.

पहिला आकडा वजनाचा. फोरमन २२० पौंड, अली दोनशे साडेसोळा. म्हणजे फरक जेमतेम दीड किलोचा. डोंगर आणि हरिण अशी ही जोडी नव्हतीच. फरक होता तो वयात आणि दबदब्यात. अली ३२ वर्षांचा, फोरमन २५ चा. फोरमन तोवर ४० लढती खेळला होता, सगळ्या जिंकल्या होत्या आणि त्यातल्या ३७ नॉकआउटने. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला त्याने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडून किताब घेतला होता. मग टोकियोत होसे रोमन पहिल्याच फेरीत गेला आणि मार्च १९७४ मध्ये काराकासला केन नॉर्टन दुसऱ्या फेरीत. फ्रेझर आणि नॉर्टन दोघांनीही अलीला हरवलेलं होतं, म्हणून लोकांना अलीच्या जिवाचीच काळजी वाटत होती.

माझ्या मते पराभवाचं मूळ या दबदब्यातच आहे. किताबाच्या तीन लढती मिळून फोरमन पुऱ्या पाच फेऱ्याही खेळला नव्हता. कारकिर्दीच्या सुरुवातीला तो दहा फेऱ्या खेळला होता, अर्जेंटिनाच्या ग्रेगोरिओ पेराल्टाने १९७० मध्ये त्याला शेवटपर्यंत खेळवलं होतं, पण त्याला चार वर्षं लोटली होती. पंधरा फेऱ्यांच्या सामन्यात दम कसा राखायचा याचा सराव नव्हता आणि गरजही कधी पडली नव्हती. त्यात सप्टेंबरमध्ये सरावात जोडीदाराचं कोपर लागून उजव्या डोळ्यावरची कातडी फाटली. २५ सप्टेंबरची लढत ३० ऑक्टोबरवर गेली. जखम भरेपर्यंत त्याला मनासारखं स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) करता आलं नाही, आणि ते पाच आठवडे त्याने परक्या देशात काढले, जिथे रस्त्यावरचं पोरही अलीच्या नावाने ओरडत होतं. पहाटे चारला, अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीने, सामना सुरू झाला.

आता प्रत्यक्ष खेळ. फोरमन आंधळेपणाने धावत होता हे खरं नाही. डिक सॅडलर आणि आर्ची मूर या त्याच्या वस्तादांनी त्याला रिंग तोडायला शिकवलं होतं, म्हणजे समोरच्याच्या मागे न पळता तिरकं पाऊल टाकून त्याची वाट अडवायची. पहिल्या फेरीत त्याने हे इतकं चोख केलं की असं पंधरा फेऱ्या नाचत राहिलो तर मीच आधी दमेन, हे अलीच्या लक्षात आलं. अली दोरांकडे गेला तो हौसेने नव्हे, त्याला जायला दुसरी जागाच उरली नव्हती. त्याच्या कॉर्नरमधला, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात उभा असलेला, त्याचा वस्ताद अँजेलो डंडी तर ‘दोरांपासून हल’ म्हणून ओरडत होता. ज्याला नंतर अलीची योजना म्हटलं गेलं, ती निदान अर्धी तरी फोरमनच्या पायांनी त्याच्यावर लादलेली होती. हे श्रेय फोरमनला कुणी देत नाही.

तरीही ‘जिंकत होता, मग दमला’ हेदेखील खरं नाही. सात फेऱ्यांनंतर तिन्ही गुणपत्रिकांवर अली पुढे होता : ६८-६६, ६९-६६ आणि ७०-६७. शेवटच्या पत्रिकेनुसार फोरमनने एकही फेरी जिंकली नव्हती. कारण सरळ आहे. फोरमनचे बहुतेक ठोसे अलीच्या हातांवर आणि दंडांवर संपत होते, तर अलीचे उजवे थेट तोंडावर. फेरी संपायच्या सुमारास अली झडप घालून दहा-वीस सेकंदात हिशेब फिरवायचा. पाचव्या फेरीत फोरमनने जीव तोडून मारलं, तीही फेरी अशीच संपली. दोष द्यायचा तर कॉर्नरला द्यावा लागेल. मारत राहा, यापलीकडे फोरमनला तिथून काही मिळालं नाही. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) वाढव, एखादी फेरी श्वास घे, असं सांगणारा वस्ताद तिथे नव्हता. आठव्या फेरीला दोन सेकंद उरले असताना तो पडला, उठेपर्यंत रेफरी झॅक क्लेटनची मोजणी संपली होती.

सैल दोर, घाईची मोजणी, पाण्यात काहीतरी मिसळलं होतं, या तक्रारी फोरमनने नंतर बरीच वर्षं केल्या. त्यातली पाण्याची तक्रार मला तरी पटत नाही. दोर सैल होते हे खरं, पण गरम हवेत ते ताणले गेले आणि डंडीने ते मुद्दाम सैल केल्याचं कायम नाकारलं. म्हातारपणी फोरमन स्वतःच हसून सांगायचा की त्या रात्री अली सरस होता.

पुढचा फोरमन पाहिला की किन्शासाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. १९७७ मध्ये जिमी यंगकडून हरून तो धर्मोपदेशक झाला, दहा वर्षांनी परतला, आणि परतला तो निराळाच होऊन. हात आडवे धरून ठोसे झेलायचा, जॅबवर खेळायचा, ताकद जपून खर्चायचा. दोन फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत स्टुलावर बसायचाही नाही. १९९१ मध्ये ४२ व्या वर्षी तो इव्हँडर होलीफिल्डसमोर बारा फेऱ्या उभा राहिला. हरला, पण कुणी त्याला हसलं नाही. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी मायकेल मूररविरुद्ध गुणांत मागे असताना त्याने दहाव्या फेरीत एका उजव्यावर किताब परत मिळवला, ४५ व्या वर्षी. अंगात किन्शासातलीच लाल चड्डी होती आणि कॉर्नरमध्ये होता अँजेलो डंडी.