‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’: तारीख बदलली की कार्यक्रमच गेला?

समजा, हिंजवडीतल्या एका मुलीचं डिसेंबरमधलं लग्न घरातल्या दुःखद प्रसंगामुळे फेब्रुवारीत गेलं. तिने परदेशातल्या मॅनेजरला कळवलं, ‘माय वेडिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ.’ मॅनेजरने वाचलं की हिचं लग्न मोडलं. तो हळहळेल, धीर देईल आणि फेब्रुवारीतल्या रजेचा विचार त्याच्या मनातही येणार नाही. तिला म्हणायचं होतं ‘पुट ऑफ’. ही गल्लत माझ्या वर्गात इतकी नेमाने होते की या दोन क्रियापदांवर मी नेहमीच हाताशी ठेवलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ घालवते.

कार्यक्रम पुढे ढकलला तर तो ‘पुट ऑफ’. तो उभा राहणार आहे, फक्त तारीख हलली. ‘कॉल ऑफ’ झाला म्हणजे रद्द झाला, विषय संपला. २०२० सालची दोन उदाहरणं यासाठी अगदी चपखल आहेत. त्या वर्षीचं टोकियो ऑलिंपिक कोरोनामुळे ‘पुट ऑफ’ झालं आणि जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये पार पडलं. त्याच वर्षीचं विम्बल्डन ‘कॉल ऑफ’ झालं. २०२१ मध्ये विम्बल्डन झालं ते त्या वर्षीचं. २०२० च्या विजेत्यांची जागा कायमची रिकामीच राहिली.

पुण्यातलं उदाहरण हवं तर एमपीएससीचं घ्या. राज्यसेवेची जी पूर्वपरीक्षा मुळात एप्रिल २०२० मध्ये व्हायची होती, ती पुन्हा पुन्हा पुढे जात १४ मार्च २०२१ वर आली. तीही तारीख ऐनवेळी बदलली, तेव्हा नवी पेठेत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. शेवटी परीक्षा २१ मार्चला झाली. इंग्रजीत या सगळ्याला ‘पुट ऑफ’च म्हणायचं, कितीही वेळा ढकलली तरी. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे भरत अभ्यासिकेत बसलेल्या मुलांना ‘कॉल्ड ऑफ’ असा मथळा दिसला असता तर त्यांच्या पोटात गोळा आला असता.

‘कॉल ऑफ’चा स्वभाव कळायला त्यातला ‘कॉल’ नीट ऐकावा लागतो. अंगावर सोडलेल्या कुत्र्यांना मालक हाक मारून मागे बोलावतो, त्याला इंग्रजीत ‘कॉल ऑफ द डॉग्ज’ म्हणतात. म्हणजे ज्याच्या हाती सूत्रं आहेत तोच ‘कॉल ऑफ’ करू शकतो. युनियन संप ‘कॉल ऑफ’ करते, आपण म्हणतो संप मागे घेतला. बुडालेल्या माणसाचा शोध सुरू असतो आणि अंधार पडल्यावर अधिकारी तो थांबवायला सांगतात, तेही ‘कॉल ऑफ’. म्हणजे सुरू झालेली गोष्टही ‘कॉल ऑफ’ होते. ‘पुट ऑफ’चं तसं नाही, ते बहुतेक वेळा काम सुरू होण्याआधीच लागू पडतं. आपल्याकडे ‘संप स्थगित’ असंही छापून येतं. तिथे युनियनने दार उघडं ठेवलेलं असतं, तेव्हा ‘कॉल्ड ऑफ’ लिहिणं चूक. ‘सस्पेंडेड’ लिहावं.

मग ‘कॅन्सल’ आणि ‘कॉल ऑफ’ एकच का? बऱ्याचदा हो, पण सरसकट नाही. माणसांनी मिळून ठरवलेल्या गोष्टी ‘कॉल ऑफ’ होतात: लग्न, मीटिंग, सहल, सौदा, सामना. जेवणाची ऑर्डर, रेल्वेचं तिकीट, मासिकाची वर्गणी या गोष्टी फक्त ‘कॅन्सल’ होतात. क्रिकेटमध्ये आणखी एक शब्द लागतो. सुरू झालेला सामना पावसाने अर्ध्यावरच सोडावा लागला तर धावफलकावर ‘अबॅन्डन्ड’ असं येतं.

‘पुट ऑफ’चा पसारा याहून कितीतरी मोठा आहे आणि मला तो जास्त आवडतो. मिसळीच्या हॉटेलाबाहेर लांबलचक रांग दिसली तर जाणकार मित्र म्हणेल, ‘डोन्ट बी पुट ऑफ बाय द क्यू.’ रांग बघून मागे फिरू नकोस. इथे तारखेचा काही संबंध नाही, इच्छा मरण्याचा आहे. एखाद्याचं उर्मट बोलणं ऐकून आपलं मन उडतं, तेव्हाही ‘ही पुट मी ऑफ’. याच अर्थाने अशा माणसाला किंवा वासाला ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण लागतं. ‘डिस्करेज’ हा त्याला जवळचा शब्द, आणि थेट किळस आली असेल तर ‘रिपेल’.

एकांकिकेच्या तालमीत संवाद म्हणणाऱ्या मुलीकडे कुणी टक लावून बघत असेल तर ती वैतागून म्हणेल, ‘यू आर पुटिंग मी ऑफ.’ म्हणजे माझं चित्त ढळतंय. इथे ‘डिस्ट्रॅक्ट’ चालेल, पण ओठावर ‘पुट ऑफ’च सहज येतं.

आणखी एक अर्थ भाड्याने राहणाऱ्यांना वेगळा शिकवावा लागत नाही. डिपॉझिट परत मागायला जावं, तर घरमालकाचं दर वेळी नवं कारण तयार. ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ.’ मराठीत आपण म्हणू, झुलवत ठेवतो. इथे ‘पुट ऑफ’ काम होत नाही, माणूस होतो. ‘पोस्टपोन’ला हे जमत नाही, तुम्ही माणसाला ‘पोस्टपोन’ करू शकत नाही. ‘स्टॉल’ चालतं.

राहिला दिवा. ‘पुट ऑफ द लाइट’ आपल्याकडे घरोघरी म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळतंही. ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ जगभर जास्त रुळलेलं आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

दोन्ही क्रियापदांमधली सीमा कधी कधी सत्तेच्या आणि पैशाच्या वादात पुसट होते. सप्टेंबर २०२१ मध्ये मँचेस्टरला भारत-इंग्लंड पाचवी कसोटी सुरू होण्याच्या दिवशीच ‘कॉल ऑफ’ झाली. मालिकेत भारत २-१ ने पुढे होता. मालिका संपली की लोंबकळत राहिली, यावर बरीच चर्चा झाली. जुलै २०२२ मध्ये ती कसोटी एजबॅस्टनला खेळली गेली, इंग्लंडने जिंकली आणि मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी ‘कॉल्ड ऑफ’ बरोबरच होतं. दहा महिन्यांनी मागे वळून पाहणारा मात्र ‘पुट ऑफ’ म्हणाला तरी त्याला चूक म्हणता येणार नाही.

वाक्यात बसवताना दोन गोष्टी सांभाळा. सर्वनाम मधे जातं: ‘पुट इट ऑफ’, ‘कॉल इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ कानाला लगेच खटकतं. आणि ‘पुट ऑफ’नंतर क्रियापद आलं तर ते ‘इंग’ लावून येतं: ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट.’ मराठीतलं ‘जायचं टाळतो’ डोक्यात असल्यामुळे पुष्कळजण इथे ‘टू गो’ लिहितात. ‘कॉल ऑफ’नंतर सहसा नामच येतं, म्हणून तिथे हा प्रश्न फारसा पडत नाही.