खवल्यांची रचना आणि छपरातलं उलटं चढणारं पाणी

माशाचा खवला फक्त पुढच्या कडेने त्वचेत रुजलेला असतो. मागची कड मोकळी राहून मागच्या ओळीवर चढते आणि प्रत्येक ओळ अर्ध्या खवल्याने सरकलेली असते. त्यामुळे अंग वाकलं तरी कातडी उघडी पडत नाही. स्लेटच्या, म्हणजे पातळ दगडी पाट्यांच्या, छपराची मांडणीही अशीच असते: खिळे वरच्या भागात, खालची कड मोकळी, सांधे अर्ध्या रुंदीने सरकवलेले. पण माशाला पाणी अडवायचं नसतं, छपराला अडवायचं असतं. म्हणून नुसता आकार उचलून भागत नाही.

स्लेट आपल्या खालच्या ओळीवर तर चढतेच, शिवाय त्याखालच्या ओळीच्या माथ्यावरही थोडी येते. या शेवटच्या चढीला लॅप म्हणायचं. रिपांमधलं, म्हणजे स्लेट ज्यांवर बसते त्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतर काढताना स्लेटच्या लांबीतून लॅप वजा करून दोनाने भागायचं. ५०० मिमी स्लेट आणि १०० मिमी लॅप असेल, तर रिपा २०० मिमीवर येतात.

हा लॅप पुरेल का, हे उतारावर ठरतं. दोन सपाट पृष्ठभागांतल्या ०.५ मिमी फटीत केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत आपोआप वर ओढलं गेल्याने, पाणी सुमारे २९ मिमी उंच चढू शकतं. ही उभी उंची झाली. ३० अंशांच्या उतारावर तेच पाणी फटीतून सुमारे ५९ मिमी वर सरकतं, तर १५ अंशांवर ११४ मिमी. म्हणजे पहिल्या छपरावर पुरेसा असलेला १०० मिमी लॅप दुसऱ्यावर अपुरा पडतो, आणि तेही वारा नसताना!

मग लॅप वाढवत न्यावा का? त्यालाही मर्यादा आहे. प्रत्येक कौल खालच्या कौलावर टेकतं, म्हणून त्याचा स्वतःचा उतार वाशांच्या उतारापेक्षा कमी भरतो. १२ मिमी जाड कौलं १०० मिमीवरच्या रिपांवर बसवली, तर ही घट जवळजवळ ७ अंशांची असते. लॅप वाढवला की रिपा जवळ येतात, घट वाढते आणि वजनही वाढतं.

खरा उपाय फट रुंद करण्यात आहे. फट दुप्पट झाली की पाण्याची चढ निम्मी होते. कौलांच्या कडांना खाचा असतात त्या यासाठीच. तिथे पोचलेलं पाणी पुढे न चढता खाचेतून खाली वाहून जातं.

खिळ्याकडेही लक्ष हवं. तो गच्च ठोकला की स्लेट भोकापाशी तडकते. स्लेट खिळ्यावर टांगलेली राहील इतकाच तो ठोकावा.