खडबडीत कॅनव्हास म्हणजे मूळ चित्र नव्हे

घरासाठी किंवा कार्यालयासाठी चित्र निवडताना ‘कॅनव्हासवर आहे, हाताला खडबडीत लागते आणि खाली सही आहे, म्हणजे ते मूळच’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आला आहे. कॅनव्हासवरची छपाई दुर्मीळ होती तेव्हा तो बऱ्याच अंशी खराही ठरत असे. आता मात्र इंकजेट यंत्राने कॅनव्हासवर चित्र छापता येते, त्यावर पारदर्शक जेलचे ब्रशने फटकारे मारून उंचसखलपणा आणता येतो आणि सहीही चित्राबरोबरच छापली जाते.

पडताळणीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. छापील रंगात बारीक ठिपक्यांची पखरण दिसते. हाताने लावलेला रंग सहसा सलग दिसतो. त्यानंतर टॉर्चचा प्रकाश बाजूने तिरपा टाकावा. उंचवटे खालच्या रंगाच्या आकारांना न जुमानता भलतीकडेच वळत असतील, तर ते छपाईनंतर चढवलेले असण्याची शक्यता मोठी.

याउलट, कागदावरचे गुळगुळीत जलरंगचित्र मूळ असू शकते. इतकेच नव्हे, तर कलावंताने स्वतः कोरलेल्या लाकडी ठशावरून काढलेली छापाकृतीही मूळ कलाकृतीच मानली जाते. तिच्या खाली पेन्सिलने लिहिलेल्या ५/५० मधील ५० ही त्या आवृत्तीतील प्रतींची संख्या असते.